लेखणीची बदली

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत असा एक समज फार दिवसांपासून रूढ आहे की, जो क्रीडा-वार्ताहर आपल्या उमेदीची वर्षे शेवटून दुसऱ्या पानाच्या तळाशी उरलेल्या चार बोटे जागेत जिल्हा कबड्डी स्पर्धेचे निकाल कोंबण्यात घालवतो, त्याची सेवा एकदा वरिष्ठांच्या दफ्तरी रुजू झाली, म्हणजे एके दिवशी त्याच्या हातातली लेखणी आपोआप गळून पडते, तोंडापुढे ध्वनिक्षेपक येतो, आणि आजवर 'आमच्या वार्ताहराकडून' या सामान्यनामाआड दडपलेला तो जीव लक्षावधी घरांत एकाच क्षणी नावानिशी आणि आवाजानिशी प्रविष्ट होतो. या घटनेला बढती म्हणतात. मुंबईत ती बढती असेलही. जेथे माणसे लोकलगाडीत एकमेकांच्या छातीला छाती लावून तासन्‌तास अबोल उभी राहू शकतात, तेथे कोणी बोलण्याबद्दल वेतन घेऊ लागला, तर त्याचा उत्कर्ष झाला असे मानावयास हरकत नाही. परंतु हाच प्रकार काशीत घडत असेल, तर हुकुमावर सही करण्यापूर्वी विचारी अंमलदाराने क्षणभर थांबावे असे आमचे नम्र मत आहे. ज्या गावात पानाच्या प्रत्येक गादीवर एक, घाटाच्या प्रत्येक पायरीवर दोन आणि चहाच्या प्रत्येक दुकानात बाकड्याच्या लांबीप्रमाणे पाच ते सात समालोचक जन्मसिद्ध अधिकाराने तैनात असतात, तेथे एखाद्याला बोलण्याच्या कामावर नेमणे ही बढती नव्हे, बदली आहे. आणि तीही अशा खात्यात, जेथे मंजूर जागांपेक्षा हजर माणसे आधीच अधिक झालेली आहेत.

वृत्तपत्र काशीला परके आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये; आपल्या मराठी मंडळींना तर तो घेताच येणार नाही. ५ सप्टेंबर १९२० रोजी बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी येथे 'आज' हे हिंदी दैनिक काढले, आणि ज्यांच्या संपादकीय कारकीर्दीने ते हिंदी पत्रसृष्टीत प्रमाणभूत ठरले, ते बाबूराव विष्णु पराडकर काशीतच, १८८३ साली, एका मराठी कुटुंबात जन्मले होते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूच्या गल्ल्यांतून वेदपठण, याज्ञिकी आणि परस्परांच्या पठणातील स्वरदोष काढणे या तीन व्यवसायांवर पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह करीत आलेल्या समाजातून एक गृहस्थ उठतो आणि उत्तर हिंदुस्थानच्या वृत्तपत्रांना भाषेची शिस्त लावतो, यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. तिसऱ्या व्यवसायाला केवळ एक विस्तीर्ण क्षेत्र उपलब्ध झाले. मैदागिनकडच्या पराडकर स्मृती भवनात काशीचे पत्रकार आजही सभा-परिषदा भरवतात, आणि तेथील भाषणांची लांबी पाहता शिस्तीचे ते काम अद्याप पुरे झाले नसावे असे वाटते.

मात्र पराडकरांसारख्या करड्या संपादकालाही काशीकराला वृत्तपत्र मुकाट्याने वाचावयास लावणे साधले नाही. अस्सीच्या चौकात चहाच्या दुकानी सकाळी वृत्तपत्राची एकच प्रत दाखल होते आणि दाखल होताच, कोणी दावा लावण्यापूर्वीच, तिची वाटणी होते: पहिले पान निवृत्त प्राध्यापकाकडे, बाजारभाव साड्यांच्या दलालाकडे, निधनवार्ता ज्यांना दुपारी मणिकर्णिकेवर जावे लागणार की नाही याचा अंदाज घ्यावयाचा असतो त्यांच्याकडे, आणि क्रीडापान अशा एका गृहस्थाकडे, ज्याची विश्वविद्यालयाच्या संघात निवड होता होता राहिली होती आणि तेव्हापासून हिंदुस्थानात कोणाचीही झालेली निवड ज्याने मनापासून मान्य केलेली नाही. हा गृहस्थ मथळा मोठ्याने वाचतो, पहिल्या दोन ओळी पुटपुटतो, आणि मग मुखातील तांबूलरस ओठांबाहेर ओघळू नये म्हणून हनुवटी आकाशाकडे करून, ज्या आसनात ओष्ठ्य वर्णांचा उच्चार करणे शरीरशास्त्रदृष्ट्या अशक्य असते त्या आसनात, उरलेला सामना स्वतःच्या अधिकारात सांगू लागतो. वर्तमानपत्र तोवर मांडीवर गेलेले असते. बातमीत संघ १८४ धावांत बाद झाला एवढेच असते. पण त्या १८४ पैकी कोणती धाव आळसाने काढली, कोणती भीतीने, आणि कर्णधाराने आदल्या रात्री काय खाल्ले असावे, हे सारे कुल्हडातला चहा संपेपर्यंत निःशेष उलगडते. योगायोगाने ती बातमी लिहिणारा वार्ताहरच शेजारच्या बाकड्यावर बसलेला असतो. न राहवून तो म्हणतो, "गुरू, मैं तो वहीं था."

"अरे, तू उहाँ रहला, एही से त एक्के ओर से देखला," असा निकाल मिळतो, आणि बाकड्यावरील बहुमत तो कायम करते.

प्रत्यक्षदर्शी असणे ही ज्या गावात पुराव्याची त्रुटी समजली जाते, त्या गावात क्रीडा-वार्ताहराची उमेदवारी कशी चालते, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. त्याच्या वाट्याला आरंभी क्रिकेट येत नाही. त्याच्या वाट्याला नागपंचमी येते. त्या दिवशी तुलसीघाटावरच्या, गोस्वामी तुलसीदासांशी परंपरेने जोडल्या गेलेल्या स्वामीनाथ आखाड्यापासून गल्लीबोळांतल्या मातीच्या हौद्यांपर्यंत सर्वत्र कुस्त्या रंगतात, जोडी आणि गदा फिरवल्या जातात, आणि नवखा वार्ताहर कागद-पेन्सिल घेऊन हौद्याच्या काठावर उभा राहतो. कुस्ती कोणी जिंकली हे त्याला दिसते, पण कोणत्या डावाने जिंकली हे विचारल्यावर चार उस्ताद पाच डावांची नावे सांगतात. तो शहाणा असेल तर 'प्रेक्षणीय डावावर' असे लिहून मोकळा होतो. मग संध्याकाळी कचेरीत आखाड्याच्या चिटणिसाचा निरोप येतो की, विजयी मल्लाचे नाव एक वेळ राहिले तरी चालेल, परंतु उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, आभारप्रदर्शक आणि ज्यांनी मातीत मोहरीचे तेल व हळद घातली त्या दानशूराचे नाव राहता कामा नये. बातमी पाठवताना तिला दीड रकाना लांबी असते. रात्री उपसंपादक तिची चार बोटे करतो, आणि त्या चार बोटांत उद्घाटक, अध्यक्ष व दोन्ही पाहुणे सुखरूप मावून, ज्याने कुस्ती मारली तो तेवढा कात्रीच्या दुसऱ्या अंगाला पडलेला, असे सकाळी दिसून येते.

आपल्या लोकांचा या आखाड्यांशी संबंध जुना आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारले, सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन तप केले, मल्लखांबाची विद्या तेथे साक्षात मारुतिरायाकडून संपादन केली आणि परतून अलीला चीत केले, अशी आख्यायिका आहे. आणि पुढे त्यांच्या शिष्यपरंपरेतील कोंडभटनाना गोडबोले यांच्यामुळे ही विद्या काशीतही रुजली. त्या कुस्तीच्या वेळी हौद्याच्या काठावर वृत्तपत्राचा वार्ताहर उभा नव्हता, ही मराठी संस्कृतीच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट मानली पाहिजे. तो असता, तर त्याने मारुतीच्या भेटीला दुजोरा मिळू शकला नाही असे लिहिले असते, डाव 'प्रेक्षणीय' ठरवला असता, आणि उपसंपादकाने गुलाबाचे नाव गाळून श्रीमंतांच्या उपस्थितीचा उल्लेख ठळक केला असता.

आखाड्यात वार्ताहराला आपल्या भावी व्यवसायाचे पहिले दर्शन घडते ते मात्र कुस्तीमुळे नव्हे, ध्वनिवर्धकामुळे. दंगलीत लाकडी मचाणावर बसलेला जो गृहस्थ जोड पुकारतो, तो हिंदुस्थानातील धावत्या समालोचनाचा आद्य पुरुष असून इतिहासकारांनी त्याची उपेक्षा केलेली आहे. दोन मल्ल एकमेकांच्या मानेत हात घालून निश्चल उभे असताना, म्हणजे पाहण्यासारखे काहीही घडत नसताना, त्याचे वक्तृत्व सर्वाधिक फुलते. आणि ज्या क्षणी एकाची पाठ मातीला लागण्याच्या बेतात येते, नेमक्या त्याच क्षणी कोणी त्याच्या हातात चिठ्ठी देतो आणि तो कुस्ती अर्धवट टाकून अमुक मोहल्ल्याच्या तमुक साहूजींकडून विजयी पहेलवानास एकशे एक रुपयांचे बक्षीस जाहीर करतो. हल्ली दूरचित्रवाणीवर षटकार मैदानाबाहेर पोचण्यापूर्वीच तो कोणत्या सिमेंटाच्या किंवा कोणत्या शीतपेयाच्या नावे पडला हे सांगण्याची जी प्रथा आहे, ती परदेशातून आली असे काही विद्वान मानतात. त्यांनी एक नागपंचमी काशीत काढावी.

ध्वनिक्षेपकापर्यंत जाण्याचा राजमार्ग वृत्तपत्रातूनच जातो, हे मुंबईने फार लवकर सिद्ध केले होते. ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे क्रिकेटरसिकांचे बॉबी, हे पारशी गृहस्थ मूळचे लेखणीचे; परंतु १९३० च्या दशकात मुंबईतील धर्मवार संघांच्या सामन्यांचे नभोवाणीवरून वर्णन करावयास ते बसले, आणि बसले ते एकटेच बसले. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सगळा किल्ला त्यांनी एका कंठावर लढवावा असा तेव्हा शिरस्ताच पडला. पुढे १९४८-४९ च्या सुमारास आकाशवाणीने त्यांच्या जोडीला आणखी समालोचक देण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनी ध्वनिक्षेपकात वाटेकरी घेण्यापेक्षा तो खाली ठेवणे पत्करले आणि ते आपल्या सदरलेखनाकडे परतले. या निर्णयाला मानी स्वभाव म्हणावे की काय म्हणावे, यावर मुंबईत मतभेद झाले असतील; पण रकान्याच्या चौकटीत स्वतःचे एकट्याचे राज्य उपभोगलेल्या माणसाला सामाईक मालमत्तेत राहणे जड जाते, हे काशीतल्या कोणत्याही भाऊबंदकीच्या वाड्यात सहज समजावून घेता येईल.

मराठीतही मार्ग तोच. १९६२ साली 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाले आणि वि. वि. करमरकरांनी त्यात खेळाला हक्काची, पुरेशी आणि सन्मानाची जागा मिळवून दिली. त्यांनी मराठीतून समालोचनही केले. पुण्याचे बाळ ज. पंडित रणजी सामन्यांत महाराष्ट्राकडून खेळलेले आणि क्रिकेटवर विपुल लिहिणारे. त्यांच्या धावत्या वर्णनाने घराघरांतली दुपारची वामकुक्षी कायमची मोडली. ही माणसे बोलत तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे की, वाक्य तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी कोठेतरी एकदा तपासून आले आहे.

उलट प्रकार पाहावयाचा असेल, तर पुन्हा काशीतच यावे लागेल, आणि आल्यावर भेलूपुरात विजयानगरम्‌ संस्थानिकांच्या वाड्यापुढे थोडे रेंगाळावे लागेल.

विजयानगरम्‌चे महाराजकुमार सर विजय आनंद, ज्यांना क्रिकेटजगत विझी या सुटसुटीत नावाने ओळखते, हे घराण्यातील धाकटी पाती. गादी थोरल्याकडे, यांच्याकडे बनारसची जहागीर आणि भरपूर फुरसत. फुरसतीचा विनियोग त्यांनी क्रिकेटमध्ये केला. १९३०-३१ साली त्यांनी स्वतःचा एक संघ उभारला आणि जॅक हॉब्ज व हर्बर्ट सटक्लिफ ही इंग्लंडची जगद्विख्यात सलामीची जोडी आपल्या संघातून खेळण्यासाठी या देशात आणवली. सटक्लिफ आणि हॉब्ज आपल्याकडे पाहुणे येऊन खेळतात, तर आपणही खेळाडूच असलो पाहिजे, असा त्यांचा समज झाला असल्यास त्यांना दोष देता येत नाही. १९३६ साली ते भारतीय संघाचे कर्णधार होऊन इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी तीन कसोटी सामन्यांत एकूण ३३ धावा केल्या, सरासरी ८.२५, लाला अमरनाथसारख्या अव्वल खेळाडूला कसोट्या सुरू होण्यापूर्वीच बेशिस्तीच्या आरोपाखाली बोटीने परत पाठवले, आणि त्याच दौऱ्याच्या काळात त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. धावांचा आणि पदव्यांचा परस्परसंबंध अद्याप कोणा संख्याशास्त्रज्ञाने मांडलेला नाही, पण मांडावयाचाच झाल्यास हे उदाहरण प्रास्ताविकात घ्यावे लागेल. प्रतिपक्षाच्या एका कर्णधाराला त्यांनी सोन्याचे घड्याळ नजर केले आणि त्या कृतज्ञ गृहस्थाने त्यांना काही सोपे चेंडू टाकवले, पण दिवसभर तसेच चेंडू टाकणे इंग्लंडात शोभत नाही म्हणून पुढे नाइलाज झाला, ही कथा क्रिकेटच्या दंतकथांत मोडते. आणि दंतकथा ज्याच्याविषयी तयार व्हावी लागते तो माणूस सामान्य नसतो, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

असे हे महाराजकुमार १९५४ ते १९५७ क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले, १९५८ साली पद्मभूषण झाले, आणि उत्तरायुष्यात आकाशवाणीवर समालोचकही झाले. १९५९ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा बीबीसीनेही त्यांना पाहुणे म्हणून ध्वनिक्षेपकापुढे बसवले. जे बॅटीला सरासरी सव्वाआठ जमले, ते जिभेला जमेल त्या सरासरीने जमू लागले. चेंडू आणि चेंडू यांच्या मधल्या अवकाशात ते स्मृतिसंचारास निघत, आणि मध्यंतरी मैदानावर दोन गडी बाद झाले तरी आठवण अर्ध्यावर टाकून परत येणे त्यांच्या शिष्टाचारात बसत नसे. शिकारीचा त्यांना मोठा षोक होता आणि मारलेल्या वाघांची संख्या ते सांगत ती शेकड्यांत असे. वेस्ट इंडीजचा संघ आपल्याकडे आला असताना ते वाघ कसे मारले याचे वर्णन ते एका बैठकीत करीत होते, तेव्हा रोहन कन्हाय या खेळाडूने, आपण तर समजत होतो की महाराजकुमार आपले समालोचन चालू असलेला रेडिओ जंगलात ठेवून येत असतील आणि वाघ कंटाळून प्राण सोडत असतील, अशा आशयाचे उद्‌गार काढले, ही गोष्टही ऐकीवच, पण ज्यांनी ते समालोचन ऐकले होते त्यांपैकी कोणी ती खोटी असल्याची तक्रार केलेली नाही. २ डिसेंबर १९६५ रोजी महाराजकुमार बनारसलाच निवर्तले. काशीत देह ठेवणाऱ्याला फेऱ्यातून मुक्ती मिळते असे शास्त्रवचन आहे. त्यांच्या श्रोत्यांना ती रेडिओचा कान पिळून, इहलोकीच, मिळवता येत असे.

आता त्यांच्यात आणि तल्यारखानांत फरक कोठे पडला? दोघेही अस्खलित, दोघेही स्वतःच्या मताविषयी निःशंक, दोघांनाही दुसऱ्याने मध्ये बोललेले खपत नसे. आमच्या मते फरक एवढाच की, महाराजकुमारांच्या वाक्यावर त्यांच्या उभ्या आयुष्यात कोणी निळी पेन्सिल फिरवली नव्हती. राजवाड्यात उपसंपादक नसतो. दीड रकान्याची चार बोटे झालेली पाहून ज्याच्या पोटात कधी कालवले नाही, उद्‌घाटक वाचला आणि पहेलवान मेला हे सकाळी उघड्या डोळ्यांनी ज्याने वाचले नाही, त्याला आपण सांगतो त्यातले काय गेले तरी चालेल याचा हिशेब करण्याची सवयच लागत नाही. आणि ध्वनिक्षेपकापुढे हा हिशेब दुसरा कोणी करून देत नाही. अस्सीच्या बाकड्यावरचा गृहस्थही यासाठीच आकाशवाणीच्या कामाचा नाही. त्याचे सारे गुण जमेस धरले तरी त्याच्यापाशी कात्रीची भीती नाही, आणि भीती नसलेला माणूस धाव मोजायची विसरून कर्णधाराच्या कुंडलीत शिरतो.

तरीही लेखणीतून वाणीत आलेल्या वार्ताहराचे पहिले काही महिने हालाचे जातात. महमूरगंजच्या आकाशवाणी केंद्रातल्या कोंदट वातावरणाच्या खोलीत, जेथे भिंतीच आवाज गिळून टाकतात, तेथे त्याला प्रथम शोध लागतो की, आपण छापील हिंदीत बोलत आहोत. 'उल्लेखनीय है कि' हे शब्द त्याच्या तोंडून श्वासासारखे निघतात, आणि उल्लेखनीय असे पुढे काहीच नसते. उत्तर हिंदुस्थानी वार्ताहराच्या रक्तात भिनलेले 'समाचार लिखे जाने तक' हे कलम तर काही केल्या सुटत नाही: समाचार लिखे जाने तक सामना चालू होता, समाचार लिखे जाने तक वीज आलेली नव्हती, समाचार लिखे जाने तक जखमीची प्रकृती स्थिर होती. या चार शब्दांच्या आश्रयाने वार्ताहर आजवर काळाच्या जबाबदारीतून मुक्त होता. त्यांच्या पलीकडे जे घडेल ते उद्याच्या अंकाचे. ध्वनिक्षेपकापुढे समाचार लिहिला जात नाही, तो घडत असतो, आणि चेंडू हवेत असताना 'आतापर्यंत झेल घेतला गेलेला नाही' असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. छापखान्यात संध्याकाळी सहाला वर्तवलेले भविष्य आठला खोडून साडेआठला तेच घडले असते तर कसे, याचे विश्लेषण लिहिता येते. येथे खोडता येत नाही. एकदा 'गोल' असे ओरडले आणि चेंडू खांबाला लागून परत आला, म्हणजे अर्ध्या जिल्ह्यातल्या दुकानांतून पेढे वाटून झालेले असतात आणि वसुलीला वार्ताहराचेच घर सापडते.

हॉकीने तर या लोकांची परीक्षा फारच निर्दयपणे घेतली, आणि ती घेणारा या गावचाच सुपुत्र होता. अर्दली बाजारचा महंमद शाहिद चेंडू घेऊन निघाला, म्हणजे चार प्रतिस्पर्ध्यांची नावे उच्चारावयास जो वेळ लागतो, त्याच्या आधीच ते चारही ओलांडले गेलेले असत; जसदेव सिंग यांच्यासारखा, १९७५ च्या क्वालालंपूरच्या विश्वचषकात देशाला खुर्चीच्या कडेवर बसवून ठेवणारा, शब्दांचा वेग चेंडूच्या वेगाशी जुळवणारा वाक्‌पटू असेल तरच निभाव लागे. २९ जुलै १९८० रोजी मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने स्पेनचा ४-३ असा पराभव केला, त्यातला एक गोल शाहिदचा होता. आणि बनारसमध्ये त्या गोलाचे वर्णन पुढे कित्येक वर्षे अशा लोकांकडून ऐकावयास मिळे, ज्यांची मॉस्कोची कल्पना मुगलसरायच्या पुढे कोठेतरी एवढ्यावर थांबलेली होती. खुद्द शाहिद मात्र या सर्व वर्णनांबाबत कमालीचा उदासीन. पद्मश्री झाल्यावरही तो डिझेल इंजिनांच्या कारखान्यात नोकरी करीत बनारसमध्येच राहिला, आणि गप्पांत स्वतःच्या गोलापेक्षा गल्लीतल्या मंडळींच्या खोड्याच त्याला अधिक सांगाव्याशा वाटत, असे त्याला ओळखणारे सांगतात. चेंडूवर इतके प्रभुत्व असलेल्या माणसाला वाक्यावर प्रभुत्व मिळवण्याची निकड भासत नसावी. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकांतून कांस्यपदके आणणारा ललित उपाध्याय हाही इथलाच. त्याच्या काळात समालोचकाच्या चुका पडद्यावर संथगतीने पुन्हा दाखवण्याची सोय झालेली होती, ही एक निराळीच क्रूरता.

मधल्या काळात ध्वनिक्षेपकांची संख्या वाढली आणि भाषांचीही. २०२३ च्या आयपीएलमध्ये भोजपुरीतून समालोचन सुरू झाले, रवी किशन यांच्यासारखा अभिनेता त्यात उतरला, आणि अस्सीच्या बाकड्यावर प्रथमच खऱ्या अर्थाने अस्वस्थता पसरली. कारण आजवर जे आपण फुकट करीत होतो, त्याचे कोणी पैसे घेत आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्याहून आमच्या मनाला भावलेला प्रकार म्हणजे संस्कृत पाठशाळांच्या बटूंची क्रिकेट स्पर्धा. धोतर-कुडता घातलेले, कपाळी त्रिपुंड्र लावलेले खेळाडू शिखा सावरीत धावतात, आणि समालोचन संस्कृतात होते. समालोचकाला या भाषेने दिलेल्या सवलती पाहिल्या, म्हणजे इंग्रजीने या धंद्यावर एवढे दिवस मक्तेदारी कशी चालवली याचे नवल वाटते. क्रियापद कोठेही ठेवता येत असल्यामुळे पंचाचे बोट वर होईपर्यंत ते राखून ठेवता येते. दोन फलंदाज धावत असतात तोवर त्यांच्यासाठी खास द्विवचन सिद्ध आहे, आणि त्यांतला एक धावचीत होताक्षणीच उरलेल्याला एकवचनात आणले की बातमी पोचली. नाव घेण्याचीही आवश्यकता नाही. फक्त षटक संपण्याच्या आत समास संपला पाहिजे, एवढी एकच अट पाळावी लागते, आणि दुर्गाघाटावरचे आमचे जुने वैदिक ती अट अन्यायाची आहे असे म्हणतात.

गंजारीला, शहराबाहेर राजातालाबच्या बाजूला, आता आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रिकेट मैदान उभे राहत आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर हे दोघेही मराठी गृहस्थ व्यासपीठावर होते, त्यामुळे आपला वाटा येथेही नोंदला गेला. सुमारे तीस हजार प्रेक्षकांच्या या मैदानाचे छप्पर चंद्रकोरीसारखे, दिव्यांचे मनोरे त्रिशूळाच्या आकाराचे, दर्शनी भागावर बेलाची पाने आणि एक भाग डमरूचा, असा आराखडा आहे. म्हणजे लवकरच कोणी तरी समालोचक 'डमरूच्या टोकाकडून' मध्यमगती गोलंदाजी सुरू झाल्याचे सांगेल, आणि उंच उडालेला चेंडू त्रिशूळाच्या प्रकाशात हरवल्यामुळे झेल सुटला, तर क्षेत्ररक्षकाला दोष द्यावा की दैवताला, हा पेच त्याच्यापुढे उभा राहील. आखाड्यात उमेदवारी केलेल्या वार्ताहराला तो पेच सोडवता येईल अशी आमची खात्री आहे. तो 'प्रेक्षणीय प्रयत्न' म्हणेल. अस्सीवरील मंडळींना आम्ही या मैदानाविषयी विचारले. सामने सुरू झाल्यावर पाहावयास जाणार ना, असे विचारताच हनुवटी आकाशाकडे करून बसलेल्या त्या गृहस्थाने पानाचा रस गिळला, जे तो फार मोठ्या प्रसंगीच करतो, आणि म्हणाला की गंजारी दूर आहे, रस्त्यात गर्दी असते, तिकीट पडते, आणि शिवाय तेथे गेले म्हणजे खेळ मध्येमध्ये बघावा लागतो, त्यामुळे बोलणे तुटते.